कॉफी, चहा आणि वेगळी कपबशी

"चहाची टपरी हेच आपलं कॉफीहाउस. तिथे जात, धर्म, पद विसरून सगळे एका बाकावर बसतात." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. आधी ते निबंधांत असायचं, आता सिनॉप्सिसमध्येही दिसतं. पेटची तयारी करणारे ज्युनियर मला मसुदे दाखवतात, तेव्हा ते 'सैद्धांतिक चौकट' या मथळ्याखाली, सोबत हाबरमासचं नाव जोडून आलेलं असतं. वाचायला छान वाटतं. पण ते खरं आहे का? आणि खरं की खोटं हे तपासायचं कसं?

मी मूळची वनस्पतिशास्त्राची. कॉफीच्या पानावर पडणाऱ्या तांबेऱ्याबद्दल वाचता वाचता कॉफीच्या सामाजिक इतिहासात शिरले. इतिहासाचं रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. पण कुणी "अमुकमुळे तमुक झालं" म्हटलं की "कंट्रोल कुठे आहे?" असं विचारायची सवय प्रयोगशाळेने लावली आहे. त्याच सवयीने आज एका लाडक्या सिद्धांताची तपासणी करू.

दावा नेमका काय आहे?

गोष्ट साधारण अशी सांगतात. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला कॉफी प्यायचे. तिथून ती मक्का, कैरो, इस्तंबूल अशी पसरली. १५११ मध्ये मक्केतला अधिकारी खायर बेग याने तिच्यावर बंदी घातली. ती टिकली नाही. १६५२ मध्ये पास्क्वा रोझे याने लंडनमध्ये कॉफीहाउस उघडलं. एक पेनी द्या, कॉफी प्या, वर्तमानपत्र वाचा, वाद घाला. २९ डिसेंबर १६७५ ला दुसऱ्या चार्ल्स राजाने कॉफीहाउसं बंद करायचा हुकूम काढला, आणि तो अमलात यायच्या आतच मागे घ्यावा लागला. लॉइड्स ही विम्यातली बडी संस्था अशाच एका कॉफीहाउसातून निघाली.

या घटना खऱ्या आहेत. त्यांच्यातून काढलेल्या निष्कर्षाचे मात्र दोन वेगवेगळे प्रकार आहेत, आणि सिनॉप्सिसमध्ये ते हमखास एकमेकांत मिसळतात.

पहिला प्रकार रासायनिक. युरोपातले लोक दिवसभर बिअर पीत होते, कॉफी आली आणि डोकी ताळ्यावर आली. वोल्फगांग शिव्हेलबुश यांच्या १९८० च्या जर्मन पुस्तकात ही मांडणी बारकाव्याने येते. लोकप्रिय पुस्तकांत आणि व्हिडिओंत ती "कॅफीनने प्रबोधन घडवलं" इतकी आखूड होते.

दुसरा प्रकार जागेचा. युर्गेन हाबरमास यांनी १९६२ मध्ये मांडलं, की कॉफीहाउस, सलून, वर्तमानपत्रं यांतून 'सार्वजनिक क्षेत्र' घडलं. तिथे माणसाचा दर्जा बाजूला ठेवून युक्तिवाद तोलला जायचा आणि तत्त्वतः कुणालाही प्रवेश होता. 'तत्त्वतः' हा शब्द पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

विज्ञानवाल्यांची शंका

लंडनमध्ये पाच गोष्टी जवळजवळ एकदम आल्या: कॅफीनचं पेय, बसायची जागा, परवडणारा दर, छापील बातम्या आणि वाढता व्यापारी वर्ग. पाच घटक एकत्र बदलले आणि एक परिणाम दिसला, तर श्रेय कुणाचं? एकट्या लंडनकडे बघून हे सांगता येणार नाही. त्यासाठी अशी जागा हवी, जिथे पेय तेच आहे पण बाकीचं वेगळं आहे.

अशा जागा आपल्याकडे भरपूर आहेत. "पण आपल्याकडे तर चहा," असं कुणी म्हणेल. चालेल. दोन्हींत कॅफीन, दोन्ही पेयं समाजात नवी, दोन्ही घराबाहेर पाहुण्यासारखी दिली जाणारी. शिवाय लंडनच्या कॉफीहाउसांत चहाही मिळायचाच. ज्यांना ही अदलाबदल पटत नाही त्यांच्यासाठी मद्रासची खरीखुरी कॉफी पुढे आहेच.

पुणे, १८९०

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या नामांकित मंडळींना बोलावलं होतं. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला, काहींनी तेवढंही केलं नाही. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले होते. पुढे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. झालं. सनातनी पक्ष शंकराचार्यांकडे गेला, चौकशीला शास्त्री नेमले गेले, आरोप, बचाव, बहिष्कार असं ग्रामण्य १८९२ पर्यंत गाजत राहिलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं, आणि ते सुधारक मित्रांना फार लागलं.

आता हा प्रसंग सिद्धांताच्या कसोटीला लावा. पेयात कॅफीन होतं. माणसं शहरातली सर्वांत वादपटू. निमित्त भाषणाचं. वर्तमानपत्रं हाताशी. लंडनच्या सूत्राप्रमाणे इथे मोकळी चर्चा फुलायला हवी होती. प्रत्यक्षात चहाचा घोट हाच खटल्याचा विषय झाला.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पुण्यात सार्वजनिक वादविवाद नव्हता असं अजिबात नाही. सार्वजनिक सभा १८७० ची, 'केसरी' १८८१ चा. म्हणजे हाबरमास ज्याला सार्वजनिक क्षेत्र म्हणतात त्यासारखं काहीतरी इथे उभं होतं, आणि ते सभा आणि छापखाना यांच्यावर उभं होतं, चहाच्या दुकानावर नाही. उलट एकत्र चहा पिण्याची वेळ आली तेव्हा त्याच छापखान्याने 'कुणी कुणाच्या हातचं प्यायलं' याची यादी छापली. छापील चर्चा आणि एकत्र पिणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. लंडनमध्ये त्या एका छपराखाली सापडल्या म्हणून आपण त्यांना एकच समजून बसलो.

हेही लक्षात घ्या, की आक्षेप चहाच्या पानाला नव्हता. तो मिशनच्या पाण्याला आणि देणाऱ्या हाताला होता.

मद्रासची कॉफी

ए. आर. वेंकटाचलपती यांचं 'इन दोज डेज देअर वॉज नो कॉफी' (२००६) हे पुस्तक, निदान त्यातला कॉफीवरचा लेख, तुम्ही वाचलाच पाहिजे. वसाहतकाळातल्या तमिळ प्रदेशात कॉफी आधी 'नवं व्यसन' म्हणून शिव्या खाते आणि बघता बघता ब्राह्मण मध्यमवर्गाची ओळख होऊन बसते. चहा कामगार आणि मुसलमान यांच्या वाट्याला जातो. हॉटेलांवर 'ब्राह्मणांचं कॉफी हॉटेल' अशा पाट्या लागतात. १९५७ मध्ये मद्रासच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या मुरली कॅफेच्या पाटीवरून 'ब्राह्मण' शब्द जावा म्हणून पेरियार यांनी आंदोलन चालवलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर दहा वर्षं झाली, तरी कॉफीची पाटी जात सांगत होती.

या लेखाची मला आवडलेली बाजू म्हणजे त्याचा पुरावा. लेखक कॉफीच्या आयात-निर्यातीच्या तक्त्यांवर थांबत नाही; कथा, आठवणी, जाहिराती, मासिकातली भांडणं यांतून कॉफीला काय अर्थ दिला गेला ते उकलतो. त्याची मर्यादाही त्याच पुराव्यातून येते. लिहिणारे बहुतेक कॉफी पिणारेच होते. ज्याला त्या हॉटेलात आत घेतलंच नाही, त्याचा आवाज अशा साहित्यात दुरून ऐकू येतो. ही लेखकाची चूक म्हणता येणार नाही, पण ही फट भरायला मराठीत आपल्याकडे वेगळ्या जातीचा पुरावा आहे.

कोल्हापूर आणि हन्नूर

गंगाराम कांबळे हे कोल्हापूरच्या सरकारी पागेतले नोकर. राखीव पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही तो घ्यावा लागे. शाहूंच्या चरित्रांत हा प्रसंग मोठ्या प्रेमाने सांगितलेला असतो, आणि ते रास्तच आहे. पण आपल्या प्रश्नासाठी त्याचा अर्थ काय? दुकान उघडं होतं, चहा होता, दर परवडणारा होता. एवढ्याने कुणी एकत्र आलं नाही. त्यासाठी संस्थानचा राजा गाडीतून उतरावा लागला.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं. शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. १९८४ च्या 'अक्करमाशी'त गावातल्या चहाच्या हॉटेलाचा प्रसंग आहे. महारांसाठी वेगळी कपबशी ठेवलेली असते. तरुण लेखक आणि त्याचा मित्र या अन्यायावर खल करतात आणि पोलिसांत तक्रार देतात. हे पुस्तक साहित्य म्हणून आपण वाचतो, एम.ए.ला नेमलेलं असतं. चहाच्या सामाजिक इतिहासाचं साधन म्हणून ते किती जणांनी वाचलं आहे? मद्रासच्या लेखात जो आवाज दुरून येतो, तो इथे दुकानाच्या दारातून बोलतो.

आणि हे 'त्या काळचं' म्हणून सोडून देऊ नका. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर २००६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यातही चहाच्या दुकानातले वेगळे कप आणि वेगळी बसायची जागा यांची नोंद आहे.

आता सगळी उदाहरणं शेजारी ठेवा. पुण्यात प्रश्न देणाऱ्याचा होता. कोल्हापुरातही देणाऱ्याचा, पण उतरंडीच्या दुसऱ्या टोकाच्या. मद्रासमध्ये शेजारी बसणाऱ्याचा. हन्नूरमध्ये पिणाऱ्याचा आणि भांड्याचा. पेय सगळीकडे तेच. निकाल ठरवणारा घटक दर वेळी दुसराच निघाला: कुणी ओतलं, कुणाच्या कपात, तो कप कुणी धुतला, आणि पिणारा कुठे बसला. रासायनिक दावा इथेच निकालात निघतो. कॅफीन मेंदू जागा ठेवतं. बाकावर कोण बसणार हे ते ठरवत नाही.

मग हाबरमास फेकून द्यायचे?

नाही. इथे घाई केलीत तर व्हायवात अडकाल.

एक तर, ते 'तत्त्वतः' म्हणाले होते. प्रत्यक्षात लंडनमधल्या वादात भाग घेणारे बहुतेक मालमत्ता असलेले पुरुष होते, हे हाबरमास यांनाही माहीत होतं. नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० मध्ये नेमका तिथेच बोट ठेवला: दर्जा 'बाजूला ठेवल्यासारखं' केल्याने तो जात नाही, उलट त्यावर बोलायची सोय राहत नाही. ब्रायन कोवन यांचं 'द सोशल लाइफ ऑफ कॉफी' (२००५) दाखवतं, की इंग्लंडमध्ये कॉफीची गोडी आधी कुतूहल बाळगणाऱ्या उच्चभ्रू मंडळींना लागली आणि कॉफीहाउसं परवान्यांच्या चौकटीत चालत. १६७४ च्या एका पत्रकात 'इथे कुणीही यावं, मिळेल तिथे बसावं' अशा अर्थाचे नियम पद्यात छापलेले आहेत. ते वारंवार पुरावा म्हणून दिले जातात. पण नियम छापला याचा अर्थ तो पाळला गेला असा होत नाही. उद्या कुणी आपल्या हॉटेलातली 'राजकारणावर चर्चा करू नये' ही पाटी वाचून सोलापुरात राजकारणावर कुणी बोलत नसे असं लिहिलं, तर?

दुसरं, तत्त्व जाहीर करणं यालाही किंमत आहे. 'इथे सगळे सारखे' असं म्हटलं गेलं, तर निदान 'मग आम्हाला का नाही?' असं विचारता येतं. हन्नूरच्या तक्रारीमागे राज्यघटनेने दिलेलं असंच जाहीर तत्त्व होतं. हाबरमास यांचा उपयोग मला इथे दिसतो: काय घडलं याचं वर्णन म्हणून कमी, ते कुठल्या मापाने मोजायचं यासाठी जास्त.

तिसरी त्रुटी मात्र खरोखर मोठी आहे. या सिद्धांतात कॉफी कपात प्रकट होते. ती पिकवली कुणी हे येत नाही. १७८० च्या दशकाच्या अखेरीस जगातली सुमारे निम्मी कॉफी सेंट-डोमिंग या एका फ्रेंच वसाहतीतून, म्हणजे आजच्या हैतीतून, येत होती. ती गुलामांच्या श्रमावर पिकत होती. पॅरिसच्या कॅफेत स्वातंत्र्यावर वाद घालणाऱ्यांच्या कपात ती असणं स्वाभाविकच होतं. १७९१ मध्ये त्या गुलामांनी उठाव केला. 'कॉफीने स्वातंत्र्य आणलं' हे वाक्य हैतीत उभं राहून म्हणून बघा.

तांबेऱ्याची गोष्ट: एक छोटा इशारा

माझ्या विषयातलं एक उदाहरण देते, कारण अशी घसरण आमच्याकडेही होते. १८६९ मध्ये श्रीलंकेत कॉफीवर हेमिलिया व्हास्टाट्रिक्स या बुरशीचा तांबेरा आढळला. पुढे मार्शल वॉर्ड यांनी तिथे जाऊन त्याचा अभ्यास केला. मळे कोसळले आणि त्यांची जागा हळूहळू चहाने घेतली. इथपर्यंत ठीक. पण यावर 'म्हणून इंग्रज चहा पिऊ लागले' असं सर्रास लिहिलं जातं. इंग्लंडात चहा अठराव्या शतकातच घरोघरी पोचला होता. परिणाम कारणाच्या शंभर वर्षं आधी कसा घडेल? तारखा ओळीने लिहून काढल्या असत्या तरी हे कळलं असतं.

आपल्या चहाचंही तसंच. तो 'पूर्वापार' नाही. चहाच्या प्रचारासाठी सेस बसला तो १९०३ मध्ये, सीटीसी यंत्र निघालं १९३० च्या दशकात, आणि फिलिप लुटगेंडॉर्फ यांनी दाखवल्याप्रमाणे कमी पत्तीत जास्त कप देणाऱ्या सीटीसी चहामुळे तो सर्वसामान्यांचा झाला तो मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. 'शतकानुशतकांची टपरी संस्कृती' असं लिहिण्याआधी हे आठवा.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

सोलापूरवर काम करायचं असेल तर विषय पायाशी आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चार भाषा एका चौकात ऐकू येणारं गिरणगाव. पण "सोलापूरच्या टपरीवर कुणी संशोधन केलेलं नाही" हा रिसर्च गॅप होत नाही. तसं तर सोलापूरच्या हजार गोष्टींवर केलेलं नाही. गॅप तेव्हा होतो, जेव्हा सोलापूरच्या उत्तराने मूळ सिद्धांतात काहीतरी बदलावं लागतं.

उदाहरणार्थ: जुनी मिल, नरसिंग गिरजी किंवा लक्ष्मी-विष्णू मिलच्या पाळ्या सुटल्यावर कामगार कुठे चहा प्यायचे? खात्याप्रमाणे बसायचे, भाषेप्रमाणे की जातीप्रमाणे? बायका कामगार कुठे प्यायच्या, की पीतच नव्हत्या? कप कुणाच्या हातात दिला जायचा आणि कुणापुढे ठेवला जायचा? हे प्रश्न विचारता येतील अशी माणसं अजून आहेत, पण म्हातारी झाली आहेत. कागदपत्रं दहा वर्षांनी शोधता येतील, माणसं नाही. म्हणून मुलाखती आधी.

आणि मुलाखतीत 'भेदभाव व्हायचा का?' असं विचारू नका. 'नाही हो, आपल्याकडे तसलं काही नव्हतं' हे उत्तर ठरलेलं आहे. 'कप कोण विसळायचं?' असं विचारा. वस्तूबद्दल विचारलं की माणसं बोलतात.

एक सापळा मात्र आजच्या निरीक्षणात आहे. आता बहुतेक गाड्यांवर कागदी कप असतो. प्यायला आणि फेकला. वेगळी कपबशी दिसत नाही, म्हणून वेगळेपण संपलं असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. पण विसळण्याचा प्रश्नच कागदी कपाने काढून टाकला असेल, तर मन बदललं की फक्त भांडं बदललं? हे दोन्ही वेगळे करून दाखवेल असं एखादं ठिकाण शोधा, जिथे अजून काचेचे ग्लास चालतात, आणि तिथे दोन-चार दिवस नुसतं बसा. चौकट त्यानंतर लिहा.